उजेड मागे धरायचा

बाल्कनीच्या पायऱ्यांवर एक गृहस्थ धडपडले, तेव्हा पडद्यावर नुकती नावं सुरू झाली होती. खुर्चीचा हात धरून ते सावरले. लागलं-बिगलं काही नाही, पण तोंडाने जे बोलले ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. चूक बॅटरीबाईची होती, आणि तिला ती तिथल्या तिथे कळली.

या कामाची एक रीत आहे. बॅटरी घेऊन पुढे चालणाऱ्याने उजेड मागे धरायचा, येणाऱ्याच्या पायापुढे. आपण अंधारात चालायचं, कारण आपल्या पायांना पायऱ्या पाठ असतात. या थिएटरात बाईची उभी हयात अशीच गेली. खरं नाव कधीच मागे पडलं आणि बॅटरीबाई हेच चिकटलं. त्या दिवशी मात्र तिने उजेड धरला होता स्वतःच्या उजव्या गुडघ्यापुढे, आणि मागचा माणूस बिचारा काळोखात चाचपडत होता.

मध्यंतरात मॅनेजरने बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. तिकीट खिडकीवरची जागा पुढच्या महिन्यात रिकामी होतेय, पगार तोच, बसून काम आहे, गुडघ्यालाही आराम, असं त्याने पुष्कळ समजुतीने सांगितलं. ती "बघते" म्हणाली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. तिला खिडकी नको होती. जाळीपलीकडून येणाऱ्या बोटांना तिकिटं द्यायची आणि आत सिनेमा चालू असताना उन्हाकडे बघत बसायचं, हे तिच्याच्याने झालं नसतं. माणसांना अंधारातून हात न लावता त्यांच्या जागेवर नेऊन बसवणं, हे तिचं काम होतं. ते गेलं की तिचं म्हणावं असं फारसं काही उरत नव्हतं.

आता त्या गुडघ्याचं सांगायचं, तर त्याचं रडगाणं जुनंच. दोन वर्षांपूर्वी ती याच पायऱ्यांच्या वळणावर पडली होती. सूज उतरली, फोटो काढले, हाड ठणठणीत निघालं. दुखणं मात्र जायचं आणि बरं वाटतंय म्हणेपर्यंत परत हजर व्हायचं. घरात लेक सकाळी चहाच्या आधी विचारायची, आई, आज गुडघा कसा आहे? शेजारीण जिन्यात भेटली की तेच, दुकानदार सुटे पैसे देताना तेच. बॅटरीबाई कशी आहे, हे मात्र कुणी विचारेना. जावयाची कुणी राखणार नाही एवढी मर्जी त्या मेल्या गुडघ्याची राखली जात होती.

मग लेकीने तिला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरणीकडे नेलं. ती वयाने लेकीपेक्षाही लहान. तिने पाय वाकवला, ताणला, दाबून पाहिला आणि विचारलं, पायरी चढायच्या आधीच दुखायला लागतं का? बाईने जरा आठवून पाहिलं. खरंच, पायरी नुसती दिसली तरी कळ यायची.

"मावशी, गुडघा भरून आलाय. तुमच्या मनाने पहारा सोडलेला नाही. पायरी दिसली की ते आधीच ओरडतं, पाय आखडतो, आणि आखडला की दुखतो."

"म्हणजे मी सोंग करते?"

"नाही. दुखणं खरंच आहे. धोका मात्र आता तेवढा राहिलेला नाही."

बाई तणतणत घरी आली. लोकांची अक्कल गुडघ्यात असते असं ऐकलं होतं, या पोरीने माझा गुडघाच डोक्यात नेऊन बसवला, असं ती लेकीला म्हणाली. तरी व्यायाम तिने सोडले नाहीत, निव्वळ त्या पोरीचं नाक खाली करायला म्हणून केले. पायात बळ आलं. घरचा जिना ती तुरुतुरु चढू लागली. थिएटरच्या पायऱ्या दिसल्या की मात्र पाय पुन्हा लाकडासारखा व्हायचा.

ते गृहस्थ धडपडले त्या दिवशी घरी जाताना तिला त्या पोरीचं म्हणणं पहिल्यांदा पटलं, आणि पटलं म्हणून आणखी राग आला. बॅटरी काय फक्त आजच आपल्या गुडघ्याकडे वळली होती? दोन वर्षं दिवसभर तोच एक उद्योग चालला होता. चप्पल काढता काढताच तिने लेकीला तिकीट खिडकीचं सांगितलं आणि बजावलं, उद्यापासून या घरात गुडघ्याचं नाव काढायचं नाही.

"आई, आणि पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर उठेन. नाहीच उठता आलं तर तुला हाक मारेन. पण त्या खिडकीत बसून मी रोज पडेन, आणि ते कुणाला दिसायचंसुद्धा नाही."

लेकीने आईच्या चपला उचलून जागेवर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी बाई आधी मॅनेजरकडे गेली. पुन्हा कुणी धडपडलं तर मी आपणहून खिडकीत जाऊन बसेन, तोवर बाल्कनी माझी, असं सांगून ती दारात उभी राहिली. दुपारच्या खेळाला एक म्हातारी एकटीच आली. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, तिकीट नेमकं सगळ्यात वरच्या रांगेचं. पायऱ्या बघून ती खालीच थांबली. जमेल का हो मला, असं ती दोनदा म्हणाली.

"माझ्याकडे नका बघू. उजेडाकडे बघा आणि पाय टाका."

बाईने उजेड मागे धरला आणि पाऊल उचललं. गुडघ्याने बोंब ठोकलीच. वळणावर तर अशी सणक आली की बॅटरीचा हात आपोआप पुढे यायला लागला. बाईने तो दाबून मागेच ठेवला. ओरड, काय ओरडायचं ते ओरड, मला काम आहे, असं ती मनात म्हणाली आणि अडकलेला श्वास सोडला. तेवढ्यात तिला दिसलं, म्हातारीच्या चपलेचा पट्टा सुटून लोळतोय. तिला थांबवून बाई पायरीवर वाकली आणि तिने पट्टा लावून दिला. वाकताना आपला गुडघा पुरता दुमडला, हे तिच्या ध्यानात आलं ते वर पोचल्यावर.

खुर्चीत टेकल्यावर म्हातारीने सुस्कारा टाकला. "तुमचं बरं आहे बाई. पाय चांगले आहेत तुमचे."

दोन वर्षांची सगळी कहाणी बाईच्या ओठांवर आली. ती तिने दिसेल त्याला सांगितली होती.

"हो," ती म्हणाली, "चांगले आहेत."

उतरताना पाय ठणकत होता. खाली मॅनेजर दारातच उभा होता. त्याने सवयीने विचारलं, "काय बाई, गुडघा काय म्हणतोय?"

"म्हणतोय त्याचं तो. तुम्ही खिडकीसाठी माणूस बघा."

दारात एक जोडपं ताटकळत होतं. बाईने त्यांची तिकिटं उजेडात पाहिली, पाठ फिरवली आणि अंधारात पहिली पायरी चढली.