पुतळ्यांची सावड

कळंबच्या संग्रहालयात एकच खोली होती आणि तिच्यावर सरपंच मालोजीचा डोळा होता. त्याला तिथं व्यायामशाळा काढायची होती. मोहोपाड्याच्या कारखान्यात उमेद घालवून घरी बसलेल्या कमळाकरनं ही खोली गावातल्या जुन्या कोयत्यांनी, इरल्यांनी, नांगरांनी सजवली होती. फक्त कापणी आली की ज्याची वस्तू तो येऊन घेऊन जाई आणि संग्रहालय महिनाभर रिकामं राही.

"भाऊ, मुंबईचं ते फिरतं प्रदर्शन येतंय ना?" मालोजी म्हणाला. "तिकडं माणूस फिरकलं तर खोली तुमची. नायतर माझे डंबेल्स येऊन पडलेत घरी. बायको रोज अडखळते."

प्रदर्शन आलं ते ऐन भातकापणीत. शिळफाट्याकडून टेंपो आला, त्यातून 'श्रमाचा इतिहास' अशी पाटी उतरली आणि मागोमाग फायबरचे पाच पुतळे: हमाल, गिरणी कामगार, कुंभारीण, मिठागरातला मजूर आणि नांगऱ्या. पुढचे काही दिवस एकही माणूस आला नाही. एक कुत्रं आलं, हमालाकडं बघून परत गेलं.

शेवटी कमळाकर बांधावर जाऊन पारूबाईपुढं उभा राहिला. वाडीतली सगळी माणसं तिच्या शब्दात.

"वहिनी, एक दिवस माझ्याकडं या सगळी."

पारूबाईचा विळा थांबला नाही. "येऊ की. पण सावड हाय ना?"

सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. माणसाला माणूस, पैशाचं नाव नाही. पण कमळाकरचा जन्म पाळीच्या भोंग्यावर गेलेला. सावड त्यानं ऐकली होती, केली नव्हती. त्याला फक्त भरलेली खोली दिसत होती.

"हाय, हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी आली. सावडीला आलेली माणसं अंग चोरत नसतात. उजाडल्यापासून त्यांनी पुतळे बघायला घेतले, दुपारी भाकरी खाल्ली, पाणी प्यायले आणि पुन्हा बघायला लागले. भागीनं मिठागरातला मजूर खालून वरपर्यंत दोनदा बघितला. एका बघण्यात काम कच्चं राहतं, असं तिचं मत.

मालोजी दारातून डोकावला. "एका दिवसाची जत्रा," तो म्हणाला. "मुंबईची मॅडम तपासायला येणार हाय. ती काय म्हणते बघू."

दुसऱ्या सकाळी पारूबाई दारात हजर. "चला, आता तुमची माणसं काढा."

"वहिनी, मी एकटाच."

"एकटे कसे? ही पाच उभी हायत की रिकामी."

"अहो, ते पुतळे हायत."

"असू दे. आमच्या नवनाथपेक्षा बरे. तो बसतो."

शब्द दिला होता, त्यामुळे पुतळे राखणीला गेले. त्या साली रानडुकरं फार माजली होती. पण गिरणी कामगार उभा होता त्या शेतात कळप शिरला, त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि आलेल्या वाटेनं ओळीत परतला. हमालाच्या डोक्यावर भागीनं पोत्याच्या वर भाताचा भारा चढवला, त्यावर आणखी एक. त्यानं हूं की चूं केलं नाही. असला जावई मिळाला पाहिजे, असं वाडीत तीन घरांत बोललं गेलं.

आणि एके दिवशी कमळाकरचा फोन वाजला. मुंबईच्या सुरभी मॅडम कर्जत स्टेशनवर रिक्षात बसत होत्या.

कमळाकर धोतर सावरत शेतात पळाला. "वहिनी, पुतळे द्या! मॅडम आल्या!"

"आणि भात उघडं टाकू? डुकरं वाटच बघतायत." पारूबाईनं पदर खोचला. "इतके दिस राबले बिचारे. उलट आता आमीच त्यांचं देणं लागतो. नवनाथ, ऊठ रं. सावड फेडायची हाय."

मॅडमनी पुतळे फक्त फोटोत बघितले होते. त्या आत आल्या तेव्हा पाचही जागा भरलेल्या होत्या.

"बापरे," त्या नवनाथपुढं थांबल्या. "गिरणी कामगाराला घामसुद्धा आहे!"

"दमट हवा, मॅडम," कमळाकर म्हणाला. "फायबर धरतं."

इतक्यात नवनाथच्या खिशात फोन वाजला.

"ध्वनियोजना," कमळाकर म्हणाला.

"छान! थांबते कधी?"

"पलीकडचा कंटाळला की."

मॅडम कुंभारणीपाशी वळल्या. "ही फोटोत तरुण वाटली होती."

पारूबाईचा जबडा आवळला.

"येताना टेंपोला ताडपत्री नव्हती, मॅडम," कमळाकर घाईनं म्हणाला. "ऊन फार लागलं."

मॅडमनी बाहेर येऊन मालोजीला स्वच्छ सांगितलं, "असं प्रदर्शन कुठंच लागलेलं नाही. इथं काही मांडलेलं आहे तोवर या खोलीला हात लावायचा नाही." मग कमळाकरकडं वळून म्हणाल्या, "उद्या टेंपो पाठवते. हे पाचही पुढच्या मुक्कामाला."

टेंपो आला. पुतळे शेतात राखणीला गुंतलेले, तेव्हा पारूबाई, नवनाथ, भागी आणि वाडीतली आणखी दोघं मुकाट मागं चढली.

"त्या गावाला सांगून ठेव," पारूबाई ड्रायव्हरला म्हणाली, "आमी पायजे तेवढं उभं राहू. पण झोडणीला त्यांनी आमच्याकडं यायचं."

ड्रायव्हरनं फायबर आयुष्यभर वाहिलं होतं. त्यानं मान डोलवली आणि फळी लावली.

खोली रिकामी झाली. तासाभरात हातगाडीचा खडखडाट ऐकू आला; मालोजी डंबेल्स घेऊन निघाला होता. कमळाकरनं चारी भिंतींकडं बघितलं. कोयते शेतात, नांगर दुरुस्तीला, मांडायला काडी नव्हती. मग तो मधल्या चौथऱ्यावर चढला, उजवा हात कारखान्यातल्या चाकावर असावा तसा उचलला, तिथं नसलेल्या मीटरच्या काट्यावर नजर रोखली आणि श्वास आवरला.

मालोजी दारात आला. "भाऊ?"

मालोजीनं हातगाडी उंबऱ्याला टेकवली.

"भाऊ, खोली रिकामी ना?"

कमळाकरची पापणी हलली नाही. मालोजीनं एक फेरी मारली. मग बाहेर जाऊन चपला काढल्या, हात मागं बांधले आणि परत आत येऊन सावकाश, खालून वरपर्यंत, बघायला सुरुवात केली.