हवामान लिहायचं नाही

मित्रांनो, मी डिंकाचा एक जुना ब्रश आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत बर्म्युडा बेटावरच्या एका हॉटेलात टपाल तपासणाऱ्यांची कचेरी होती. समुद्रापार जाणारं विमान इंधन भरायला उतरलं की घाईघाईने पत्रं उघडायची, वाचायची, कापायची. कौतुक व्हायचं कात्रीचं. फाटकं सांधायचं मात्र मी.

सर्वांत वैताग आणला तो हेझकाया फॉक्सने. हा म्हातारा कोळी. त्याची मुलगी ऑलिव्ह लंडनला नर्स होती आणि तिथे रोज बॉम्ब पडत. तो दर आठवड्याला पाद्रीबाबांकडून तिला पत्र लिहवून घेई, आणि त्यात नुसतं हवामान. वारा कुठला, दाराशी टांगलेल्या बाटलीतलं शार्कचं तेल गढूळ झालं की नितळ. तेल गढूळलं की वादळ येतं, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक. पण शत्रूला कळू नये म्हणून हवामान लिहायला बंदी. तपासनीस लेटी डिल इथलीच, तरी तिला कापावंच लागे. उरे 'लाडके ऑलिव्ह' आणि 'तुझे बाबा'. मधे सगळी जाळी, आणि ती जपून पाकिटात बंद करायची मी.

शेवटी लेटी नियम मोडून धक्क्यावर गेली. मी तिच्या एप्रनच्या खिशात.

"काका, हवामान लिहू नका हो."

"मग काय लिहू? मासे माझ्याशी काय बोलले ते?"

"तब्येतीचं लिहा. आठवण येते म्हणून लिहा."

"तुझा बाप लिहायचा का असलं?"

"माझ्या बापाला सहीसुद्धा येत नव्हती. लिहा मुकाट्याने."

त्याने लिहवलं. पानभर माया, एकही भोक नाही. मी खूश.

ऑलिव्हचं उत्तर आलं ते असं : 'पाद्रीबाबा, माझे बाबा असं बोलत नाहीत. माझं मन राखू नका. ते गेले का?'

लेटी पुन्हा धक्क्यावर.

"काका, हवामान लिहा."

"कापणार नाहीस?"

"कापणार. तरी लिहा."

पुन्हा ती जाळी, पुन्हा मी. मनात चरफडत चिकटवलं. तीन आठवड्यांनी दोन ओळी आल्या : 'बाबा, तुमचं पत्र पोचलं. वाचता काहीच आलं नाही. खूप दिवसांनी पोटभर जेवले.'

मित्रांनो, तुमच्याही घरचं कोणी फोनवर नुसतं 'तिकडे ऊन आहे का' एवढंच विचारत असेल, तर सावकाश उत्तर द्या. वैतागायला मी आहे.