बोटं

धुरपता उठून उभी राहिली आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवू लागली.

"वा माय, वा! काय पळते वं हे पोरगी!"

मैदानावर खो-खोच्या रांगेत उकिडवी बसलेल्या कमलानं तो आवाज ओळखला. वर्ध्याजवळच्या सिंदीच्या शाळेच्या मैदानात हजारभर माणसं जमली होती, आणि त्या सगळ्यांच्या देखत तिची माय टाळ्या वाजवत होती ती सांगलीच्या पोरीसाठी.

त्या पोरीचं नाव शालन. अंगानं काटकुळी, रंगानं सावळी, वेण्या वर बांधलेल्या. तिच्या जोडीच्या दोघी पहिल्या दोन मिनिटांतच बाद झाल्या होत्या. ही मात्र पाच मिनिटं झाली तरी हाती लागत नव्हती. कमलानं तिच्या पाठीवर तीनदा झेप घेतली आणि तिन्ही वेळा हातात नुसती हवा आली. खो मिळालेली पोर उठायच्या आतच शालन रांगेच्या पलीकडे गेलेली असायची. घाईनं नव्हे, जणू तिला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. वर्ध्याच्या पोरींच्या नावानं ओरडणारे लोक हळूहळू गप्प झाले. शेवटी शेवटी तर मैदानावर फक्त पायांचा आवाज आणि धापा ऐकू येत होत्या. सात मिनिटं संपल्याची शिटी वाजली तेव्हा शालन मधल्या रेषेवर उभी होती, बाद न होता, कमरेवर हात ठेवून.

साखळी सामन्यात वर्धा नऊ गुणांनी हरली.

कमलाला हरल्याचं तेवढं वाटलं नाही. दुपारी नळावर पाणी पिताना सांगलीच्या दोघी-तिघींनी तिचंच बोलणं तिला म्हणून दाखवलं होतं. "काऊन वो? मले पानी देता का?" आणि खिदळल्या होत्या. शालन त्यांत होती की नव्हती, हे कमलानं पाहिलं नव्हतं. तिला ते पाहायचंही नव्हतं. दरवर्षी तिकडचे संघ यायचे, जिंकायचे आणि इकडच्या बोलण्याला हसून परत जायचे. यंदा स्पर्धा आपल्या गावात होती. यंदा तरी, असं संघाचे हरिदास सर महिनाभर म्हणत होते.

दिवेलागणीच्या आधी ती घरी आली आणि पाय न धुताच ओट्यावर बसली.

"माय, तू काऊन टाळ्या वाजवल्या?"

धुरपता चुलीपाशी भाकरी थापत होती. "कवा?"

"लोकं हासून राह्यले होते मले. तुही पोरगी इकडं खेळून राह्यली, अन् तू तिच्यासाठी नाचून राह्यली."

धुरपतानं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि बाहेर आली. वर्षातले सहा महिने ती जिनिंगमध्ये कापसातली किडकी, पिवळी कवडी आणि पाला वेचायची. पांढऱ्या ढिगातला पिवळा ठिपका तिला दहा हातांवरून दिसायचा. खो-खो मात्र तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता.

"मले काय समजते वं खेळातलं," ती म्हणाली. "पण ते पोरगी पळत नाई, कमले. ते पाह्यते."

"काय पाह्यते?"

"तुमचे बोटं. जिले खो भेटनार वाटते ना, ते पोरगी आधीच मातीत बोटं रोवते उठाले. ते बोटं पाह्यते अन् तिकडं जातच नाई."

कमलानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. नखांत मैदानाची माती होती.

"खोटं वाटते का? बलाव पोरी."

मोहल्ल्यातल्या सहा पोरी अंगणात एकाआड एक तोंडं करून बसल्या. धुरपतानं पदर खोचला, काष्टा आवळला. शेजारची आनंदाबाई दारात येऊन उभी राहिली आणि "आता काय हे!" म्हणून हसू लागली.

मग धुरपता पळाली.

कमलानं मायला पळताना कधीच पाहिलं नव्हतं. डोक्यावर मोळी घेऊन चालताना पाहिलं होतं, वाकून वेचताना पाहिलं होतं. छत्तीस वर्षांची ती बाई आता अनवाणी, पोरींच्या मधून अशी सरकत होती की तिचं लुगडंही कुणाच्या हाताला लागत नव्हतं. कमला मागे लागली, खो दिला, पुन्हा उठली, पुन्हा मागे लागली. माय दर वेळी दुसरीकडे. आनंदाबाईचं हसू कधी थांबलं ते कळलं नाही. कमला धापा टाकत मधेच उभी राहिली आणि तिला वाटलं, ही बाई इतकी वर्षं कुठं होती?

"आता सगळ्याच बोटं रोवून बसा," धुरपता कुडावर हात टेकून म्हणाली. "सुरूपासून. उठाचं असो का नसो."

तिसऱ्या खोला ती सापडली.

साखळीतले बाकीचे सामने वर्ध्यानं जिंकले होते, त्यामुळं दुसऱ्या दिवशी अंतिम सामना पुन्हा सांगलीशीच होता. आठही पोरी बोटं मातीत रोवून बसल्या. शालन मैदानात आली, दोन फेऱ्या पळाली, आणि तिचा पाय पहिल्यांदाच अडखळला. तिनं रांगेवरून नजर फिरवली, पुन्हा फिरवली. एक मिनिट दहा सेकंदांनी कमलाचा पंजा तिच्या खांद्यावर पडला. मैदान नुसतं उसळलं. टोप्या उडाल्या, कुणी डबा बडवला.

कमलानं गर्दीत मायला शोधलं. धुरपता टाळ्या वाजवत नव्हती. पदराचं टोक तोंडावर धरून ती बाहेर जाणाऱ्या शालनकडे पाहत होती.

तरीही वर्धा एका गुणानं हरली. सांगलीच्या पोरी ढाल घेऊन नाचत होत्या तेव्हा शालन एकटीच मैदान ओलांडून कमलापाशी आली.

"सगळ्याच जनी बोटं रोवून बसलावता. कुनी सांगितलं?"

आमच्या सरांनी, असं म्हणता आलं असतं. आम्हालाच समजलं, असंही म्हणता आलं असतं.

"मायनं," कमला म्हणाली आणि कडुनिंबाखाली बसलेल्या धुरपताकडे बोट दाखवलं.

शालन तिकडे गेली आणि धुरपतासमोर मातीतच बसली.

"मावशी, तुमी खेळत हुता व्हय?"

"नाई माय. काल पाह्यलं फक्त." धुरपता ओशाळली. "म्याच सांगतलं या पोरींले. राग नोको मानू."

"सहा वरसं खेळती मी. माझ्या सरांस्नी बी न्हाई कळलं ते." शालन पुढे सरकली. "आनि काय दिसलं? आनि कुटं चुकती मी?"

धुरपतानं कमलाकडे पाहिलं. मागे उभे असलेले हरिदास सर खाकरले आणि त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. पुढच्या वर्षी स्पर्धा सांगलीला होती.

कमलानं शालनचे गुडघे पाहिले. दोन्ही सोलवटले होते, तिच्या स्वतःच्या गुडघ्यांसारखेच.

"सांग तिले, माय," ती म्हणाली आणि शालनच्या शेजारी बसली.

धुरपतानं शालनचा डावा घोटा हातात घेतला, ओंजळीतला कापूस पाहावा तसा उजेडात फिरवला.

"हा पाय," ती म्हणाली. "वळाच्या आधी हा सांगून देते."

दोघी पोरी वाकून पाहू लागल्या.