राबलेल्या घोड्याचा शब्द

माई गेल्याला दोन महिने होत आले, तरी चंद्रप्रभाबाई पहाटे दचकून उठत आणि पलीकडच्या खोलीत जाऊन उभ्या राहत. खोलीत आता काही नव्हतं. लोखंडी कॉट कुणीतरी मागून नेली होती, पाण्याची गादी भंगारात गेली होती, औषधांचा वास तेवढा भिंतींनी धरून ठेवला होता. कुणाला कूस बदलून द्यायची नाही, कुणाचं तोंड पुसायचं नाही, हे ध्यानात यायला त्यांना थोडा वेळ लागे. मग त्या परत येऊन आडव्या होत आणि उजाडेपर्यंत छताकडे बघत राहत.

भेटायला येणारा जो तो एकच बोले. माई सुटल्या, आणि बाई, तुम्हीही मोकळ्या झालात. आता काशीला जा, लेह-लडाखला जा, नातेवाइकांकडे जा. बाई मान हलवत, चहा टाकत. अंथरुणाला खिळलेल्या आईचं अकरा वर्षं सगळं केलं, त्यातली निम्मी शाळा सांभाळून केलं, तेव्हा यातला एकही जण अर्धा दिवस बसायला आला नव्हता. सल्ला द्यायला मात्र सगळ्यांच्या पायांना चाकं लागली होती. कुणी एकानं तरी विचारावं, बाई, दमलात का हो? तेवढं कुणाच्या तोंडून निघालं नाही, आणि आपण होऊन सांगायची बाईंना सवय नव्हती.

घराणं तुळजापुरातलं, देवीच्या पूजेची पाळी असलेलं. पाळी आता भावाचा मुलगा अनिरुद्ध करत असे. तो आणि त्याची बायको भैरवी भिंतीला भिंत लागून राहत, पण सणासुदीला त्यांच्या घरी दर्शनाला आलेल्या यजमानांची रीघ. पुरण शिजवता शिजवता भैरवीला स्वतःच्या जेवणाची शुद्ध नसे. लग्नाचं म्हणाल तर बाईंचं ते राहूनच गेलं. आधी भावांची शिक्षणं, मग शाळेतली नोकरी, मग श्रिया.

श्रिया म्हणजे धाकट्या भावाची, शंतनूची मुलगी. तिची आई ती तिसरीत असताना गेली. शंतनूच्या सारख्या बदल्या, म्हणून पोरगी आत्याकडे आली आणि बारावी होईपर्यंत इथंच वाढली. तिच्या वेण्या बाईंनी घातल्या, तिच्या परीक्षांना बाई रात्री जागल्या. आता ती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती आणि तिला सातवा महिना लागला होता.

घटस्थापनेच्या आधी तिचा फोन आला. बराच वेळ ती नुसतीच कुरकुरत होती. हॉटेलात जाऊन कंटाळा आला, सिनेमे बघून कंटाळा आला, घरात नवा सोफा आला तर त्याच्याकडे बघावंसं वाटत नाही.

“आत्या, मी ना, जेडेड झालेय,” ती म्हणाली.

बाईंच्या अंगात एकदम वर्ग भरला. हा त्यांचा लाडका शब्द. दहावीच्या मुलींना इंग्रजी शिकवताना त्या तो दरवर्षी सांगत; पुस्तकात असो नसो, कुठून तरी ओढून आणत.

“जेड म्हणजे काय, आठवतं का?” त्यांनी विचारलं.

श्रियाला आठवत नव्हतं. म्हणून बाईंनी पहिल्यापासून सांगितलं. दागिन्यातला हिरवा दगड तो जेड वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. हा जेड म्हणजे राबून मोडलेलं घोडं. कुणीही यावं, पाठीवर बसावं, टाच मारावी, असं भाड्याचं जनावर. हा शब्द आला कुठून, ते नक्की कुणाला ठाऊक नाही. युरोपच्या उत्तरेकडच्या एका जुन्या भाषेत घोडीला तसलाच शब्द होता म्हणतात. पुढं इंग्रजांनी तो बायकांना शिवी म्हणून वापरला, म्हणजे घोड्यावरून उतरून तो बाईच्या डोक्यावर बसला. मग त्याचं क्रियापद झालं, एखाद्याला राबवून राबवून मोडणं. जेडेड म्हणजे तसा मोडलेला. आणि मग हळूहळू काय झालं कोण जाणे, तो शब्द खाऊन-पिऊन, बघून-भोगून विटलेल्या माणसाला चिकटला. आता तो वापरतात ते बहुतेक असेच.

“म्हणजे बघ,” बाई म्हणाल्या, “थकलं घोडं, आणि शब्द पळवला स्वारानं.”

वर्गात या वाक्याला मुली हसत. श्रिया हसली नाही. तिनं फोन ज्यासाठी केला होता ते बोलून टाकलं. आत्यानं पुण्याला यावं. बाळंतपण आणि पुढचं वर्षभर तरी तिथंच राहावं. नवऱ्याच्या आईला गुडघ्यांनी घेरलंय, तिला होणार नाही. आणि आत्याशिवाय तिला दुसरं कुणी नकोच आहे.

बाईंचा ऊर भरून आला. घरात आवाज असेल. कुणीतरी सारखं हाक मारेल. त्यांना लगेच हो म्हणायचं होतं, पण या घरात लगेच हो म्हणायची रीत नव्हती. इथं पाहुण्याला वाढताना तो नको म्हणणार, आपण वाढणार, तो ताटावर हात आडवा धरणार, आपण बोटांच्या फटीतून पुरणपोळी सरकवणार, तेव्हा कुठं त्याचं पोट भरायचं. पहिल्या नकाराला खरं मानणारा माणूस म्हणजे एक तर अडाणी, नाही तर कंजूष. माहेरवाशिणीसुद्धा दोनदा निरोप गेल्याशिवाय येत नसत. तेव्हा बाई म्हणाल्या, “बघू गं, नवरात्र तर होऊ दे.” आणि फोन ठेवून लगेच माळ्यावरून बॅग काढली.

नवरात्राचे दिवस त्या बॅगेपाशीच गेले. सुती लुगड्यांची दुपटी शिवून झाली. बाळंतशेपा निवडून, भाजून डब्यात भरल्या. शरीर मात्र साथ देईना. सुईत दोरा ओवायला बसावं तर चार-चारदा हुके, शिवता शिवता डोळा लागे आणि जाग आली की पहिलं मनात येई, माईंना पाणी दिलं का? मागच्या सालापर्यंत नवरात्राच्या आगेमागे त्यांची सत्त्वपरीक्षा असे. नवरात्राआधी आणि दसऱ्यानंतर देवी पलंगावर निजते, तेव्हा या घरात कुणी खाटेवर, गादीवर निजत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माईंनीही तो नेम सोडला नाही. मला खाली घे, म्हणून त्या हटून बसत. मग बाई त्यांना एकटीनं काखेत धरून सतरंजीवर उतरवत आणि पुसायला, कपडे बदलायला पुन्हा वर घेत. पाठीच्या कण्यातून निघालेली कळ तेव्हा टाचेपर्यंत जाई. अनिरुद्ध या दिवसांत देवळात, भैरवी चुलीपाशी. हाक कुणाला मारणार?

दसऱ्याच्या पहाटे देवीचं सीमोल्लंघन झालं. पालखीतून प्रदक्षिणा झाली आणि देवी श्रमनिद्रेसाठी पलंगावर निजली. गर्दी थोडी ओसरल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, बाई निघण्याआधीचं दर्शन म्हणून पायऱ्या उतरून देवळात गेल्या. अनिरुद्धनं त्यांना बाजूला उभं केलं.

जन्मापासून बघितलेलं दृश्य. रिकामं सिंहासन, पलंग, पलंगावर निजलेली देवी. रांगेतल्या एका बाईनं नेहमीच्या जोरात ‘आई राजा उदो उदो’ म्हटलं, तर अनिरुद्ध हलक्या आवाजात तिला म्हणाला, “हळू, मावशी. देवी दमलीय. निजू द्या तिला.”

आणि त्या बाईनं तोंडावर पदर धरला. मागच्या माणसानं आपल्या पोराला गप्प केलं. सगळी रांग चवड्यांवर चालल्यासारखी पुढं सरकली.

चंद्रप्रभाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. ही लढली, दमली, आणि सगळ्या गावाला ते ठाऊक आहे. हिला कुणी म्हणत नाही, आता मोकळी झालीस, ऊठ आणि फिरून ये. हिच्या उशाशी माणसं हळू बोलतात. बाईंना देवीचा हेवा वाटला, आणि देवीचा हेवा वाटतो म्हणून स्वतःची शरमही वाटली. अनिरुद्धला वाटलं, आत्याला माईंची आठवण आली. त्यानं त्यांच्या हातावर कुंकू ठेवलं आणि तो पुढच्या यजमानाकडे वळला.

परतताना पायऱ्या चढवेनात. दर चार पायऱ्यांनी कठड्याला धरून उभं राहावं लागलं. कशाबशा घरी पोचल्या आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावतात तोच श्रियाचा फोन आला. उद्या सकाळी गाडी पाठवते, ड्रायव्हर ओळखीचा आहे, तू फक्त बस, असं ती भराभरा सांगत होती.

“श्रिया, नको गं,” बाईंच्या तोंडून निघून गेलं. “थकले मी. फार थकले.”

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. बोलल्यावर त्या स्वतःच दचकल्या. पलीकडून श्रिया मग म्हणाली, बरं आत्या, झोप तू.

फोन ठेवल्यावर बाईंना वाईट वाटलं नाही; उलट हलकं वाटलं. पोरगी आपलीच आहे. दोन दिवसांनी पुन्हा फोन करेल, रुसेल, रडेल, आत्या तुला यावंच लागेल म्हणेल. मग जाऊच की. बॅग भरलेलीच आहे. त्यांनी दार लोटलं, जमिनीवर सतरंजी अंथरली आणि आडव्या झाल्या.

त्या झोपल्या ते अशा झोपल्या की अकरा वर्षांची सगळी जागरणं जणू रांग लावून आली. दुपारी झोपल्या, संध्याकाळी उठून भात-पिठलं खाऊन पुन्हा झोपल्या. भैरवीनं एकदा डोकावून ताप नाही ना ते बघितलं आणि ती गेली. पहाटेचं दचकणं थांबलं. माईंच्या खोलीकडे पाय वळले नाहीत. एकदा तर स्वप्नात त्या वर्गात बाकावर बसून झोपल्या होत्या आणि मुली एकमेकींना ‘हळू’ म्हणत होत्या. झोप इतकी गोड लागत होती, कारण तिकडून बोलावणं येणार हे नक्की होतं. जागं व्हायला काहीतरी आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाची ती झोप होती.

पौर्णिमेच्या पहाटे संबळाचा आवाज आला आणि बाई आपोआप उठल्या. सोलापूरकडून रातोरात पायी आलेल्या माणसांनी गल्ली भरली होती. देवी पलंगावरून उठून सिंहासनावर बसली होती. बाईंनी डोक्यावरून न्हाऊन घेतलं. पाठ दुखत नव्हती. पायांत बळ आलं होतं. आरशात बघून त्यांना स्वतःचंच हसू आलं. कुणीतरी इस्त्री केल्यासारखा चेहरा दिसत होता. चहा भुरके मारत प्याल्या आणि चव लागली म्हणून आणखी अर्धा कप केला. मग चार्जिंगला लावलेला फोन शेजारी घेऊन बसल्या.

नऊच्या सुमारास तो वाजला.

“आत्या, झोप झाली का गं?” श्रियानं विचारलं. बाईंनी सांगितलं, झाली, आता छान वाटतंय. पुढं काय येणार हे ठाऊक असल्यासारख्या त्या हसून थांबल्या.

“मग ऐक, तुला एक चांगली बातमी देते,” श्रिया म्हणाली. “कामाला बाई मिळाल्या. कळंबच्या आहेत, दिवसरात्र राहणाऱ्या. बाळंतिणीचं सगळं येतं त्यांना. तुला आता अजिबात यायला नको. त्या दिवशी तू घोड्याचं सांगितलंस ना, मला झोपच लागली नाही. तुला पाठीवर घ्यायला लावणारी मीही एक. मीच स्वार, आत्या. तू थकले म्हणालीस तेव्हा मी ठरवलं, पुन्हा ‘ये’ म्हणून तोंडातून काढायचं नाही. तू फक्त आराम कर.”

पोरगी रडत होती. तिनं आत्याचा शब्द पहिल्या झटक्यात खरा मानला होता, आणि तो खरा होता. अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही ते तिला न विचारता कळलं होतं. बाईंनी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच तर होतं. फक्त आता त्यांना ते नको होतं. एकदा म्हण, श्रिया. एकदाच म्हण, तरी पण ये. त्या फोन कानाला दाबून बसल्या.

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “बाई स्वच्छ आहेत ना? त्यांना म्हणावं, बाळाला तेल चोळून जिरवा, घाई करू नका.”

श्रियानं सगळं ऐकून घेतलं, बाळ झालं की व्हिडिओवर दाखवीन म्हणाली आणि फोन ठेवला.

जरा वेळानं भैरवी प्रसादाची वाटी घेऊन आली. बाईंचा चेहरा बघून तिनं विचारलं, कुणाचा फोन होता. बाईंनी सांगितलं. भैरवी म्हणाली, बरं झालं की आत्या, तुमच्या जिवाला किती त्रास झाला असता. मग तिची नजर कोपऱ्यातल्या बॅगेकडे गेली आणि तिला काय ते उमगलं.

“मग तुम्हीच सांगा ना तिला,” ती हळूच म्हणाली. “येते म्हणावं.”

“आपण होऊन?” बाई म्हणाल्या. “एकदा नको म्हटल्यावर? आणि आता तिथं जागाही भरलीय.”

भैरवीच्या घरी यजमान ताटावर बसले होते, तिकडून हाक आली. संध्याकाळी वाटी न्यायला येते म्हणून ती निघाली. बाई तिच्या मागोमाग दारापर्यंत गेल्या. गल्लीतून माणसं गुलाल, परड्या, पोरं खांद्यावर घेऊन चालली होती. भैरवी त्या गर्दीतून अंग चोरून आपल्या दारात शिरलीसुद्धा.

“अगं, मी आता थकलेली नाहीये,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

संबळाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्या घरात वळल्या.