दोन किलोमीटर सातशे

“माझी शाळा त्या गोलाच्या आत आहे ना? मग घोडं अडलंय कुठे?” ताईने स्क्रीनवर बोट टेकवलं.

धाकटीने तिचं बोट हलकेच बाजूला केलं. “डाग पडतो गं.”

शिक्षण खात्याच्या त्या खोलीत धाकटी नकाशे करायची. मोठ्या शाळेभोवती एक किलोमीटरचा गोल काढायचा. त्यात लहान शाळा सापडली, की ती बंद. मुलं मोठ्या शाळेत, शिक्षकाची शहरात बदली. ताईच्या शाळेत नऊ मुलं होती. सरळ रेषेत अंतर नऊशे चाळीस मीटर.

ताई अकरा वर्षं तिथे एकटीच शिकवत होती. आठवडाभर शाळेला लागून असलेली खोली, रविवारी घर. तिची मुलगी रविवारा-रविवाराने मोठी झाली होती. बदलीचे अर्ज करून करून ताई थकली. पण तिच्या जागी दुसरं कुणी यायला हवं, आणि यायला कुणी तयार नसे. आता शाळाच बंद झाली, तरच सुटका.

“मध्ये ओढा आहे ना, ताई? आणि पूल नाही.”

“तुझ्या कॉम्प्युटरला दिसतो का ओढा?”

“नाही.”

“मग तूही बघू नकोस.”

वाटेत पाणी आडवं येत असेल तर पायवाट चालून मोजा, किलोमीटरच्या वर भरली तर शाळा ठेवा, असं पत्र गेल्याच आठवड्यात आलं होतं. पण साहेबांना पन्नास शाळांची यादी शुक्रवारी हवी होती. एकेक ओढा विचारत बसायला त्यांना सवड नव्हती. त्या ओढ्याचं ठाऊक असलेली ऑफिसात धाकटी एकटीच.

“कुणीतरी फोन चालू ठेवून ती वाट चालायला हवी,” ती शेवटी म्हणाली. “रेघ आपोआप उमटते. तू नाही चाललीस, तर मी गोल आहे तसा पाठवते. खरंच.”

ताईने पर्स उचलली. “वा! म्हणजे बंदूक तुझी आणि खांदा माझा.”

ती निघून गेली. चहा तसाच राहिला.

गुरुवारी दुपारी ताईकडून चाललेल्या वाटेची फाईल आली. धाकटीने ती उघडली आणि लगेच फोन लावला.

“किती भरलं?” ताईनेच विचारलं.

“दोन किलोमीटर सातशे.”

“पहिलीतली एक पोर नेली होती, तिच्या आईसकट. म्हटलं, बघू तरी कशी जाते. ओढ्यात दगड टाकलेत, पण तिचा पाय पुरेना. मग आईने उचलली. तिथूनच परत पाठवलं दोघींना.”

“ताई, मी अजून यादी...”

“काढ माझी शाळा त्यातून.”

“पुन्हा विचार कर. पुढची यादी कधी निघेल, सांगता येत नाही.”

“केला विचार. आणि हे बघ, रविवारी मी आले की घरात यातलं काही बोलू नकोस. पोरीला वाटेल, आई आपणहून राहिली.”

ताईने फोन ठेवला.

धाकटीने यादीतलं नाव खोडलं. पुरावा म्हणून ताईची रेघ नकाशावर चढवली. दर दहा सेकंदांना एक ठिपका. ओढ्यापर्यंत उतार, काठाकाठाने लांब वळसा, मग दगडांवरून पलीकडे. पलीकडे गेल्यावर एका जागी ठिपक्यांचा नुसता पुंजका झाला होता. तिथे ना पाणी होतं ना चढ. तिने नकाशाखालचा उपग्रहाचा फोटो मोठा केला. शहराच्या बसचा थांबा होता तो.

तिने पुंजक्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या ठिपक्याची वेळ पाहिली. बावीस मिनिटं.

तिथून पुढे रेघ सरळ निघाली होती, ती थेट मोठ्या शाळेच्या फाटकापर्यंत.