दुसरं घमेलं

सकाळी परसात घमेलंभर माती कालवून झाली, की भुंगा येऊन फतकल मारायचा. वय वर्षं तीन. बोलणं नाही, हाकेला ओ नाही; दिवसभर तोंडानं एकच बारीक सूर, म्हणून भुंगा. मूल स्वमग्न आहे असं निदान झाल्यावर उपचार करणाऱ्या बाईंनी त्याच्या आईला सांगितलं होतं, "माती, पाणी, पानं, खडे, सगळं हाताला लागू द्या. घाई मात्र करू नका." पूर्वी ओल्या मातीला बोट लागताच किंचाळणारं ते पोर आता कोपरापर्यंत हात बुडवून बसे. त्या दिवशी तर त्यानं एक ओलं पान आईच्या तळहातावर ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. चक्क डोळ्यांत! तिचा आनंद गगनात मावेना.

"शी! काय ते ध्यान!" सासूबाई दारातून कडाडल्या. "दुपारी पाहुणे यायचेत आणि ही पोराला चिखलात लोळवतेय. धू आधी त्याला!"

नणंदेच्या लग्नाची बोलणी होती. घराला एकच घोर लागला होता: भुंगा पाहुण्यांच्या नजरेला पडता कामा नये. 'यांच्या रक्तातच काहीतरी आहे' असं एकदा कुणी म्हटलं, की पोरीचं लग्न जमलंच म्हणून समजा! भुंग्याचा बाप औषधाच्या दुकानाचा मालक. गल्लीतल्या प्रत्येकाच्या पोटदुखीवर न मागता सल्ला देणारा हा गृहस्थ स्वतःच्या पोराला चारचौघांत कधी कडेवर घेत नसे.

"तू चहाचं बघ," तो बायकोला म्हणाला. "याला मी झोपवतो."

बापानं आपणहून पोराला उचललं, याचंच त्या भोळीला अप्रूप वाटलं.

पाहुणे आले. मुलगा आणि त्याची आई. हसणं, खिदळणं सुरू झालं. कपात चहा ओतता ओतता तिचा हात थांबला. घरात भुंग्याचा सूर नव्हता. तो तर झोपेतही गुणगुणायचा.

ती मागच्या खोलीत धावली. पोर तोंड उघडं टाकून पडलं होतं. उचललं तर मान लटकन मागे गेली. तोंडाला गोडसर वास येत होता आणि उशाशी खोकल्याच्या औषधाची बाटली होती. पोराला खोकला नव्हता. हा वास तिच्या ओळखीचा होता. घरी पाहुणे आले, की दर वेळी भुंगा असाच गाढ झोपायचा, आणि दर वेळी सासूबाई म्हणायच्या, "शहाणं गं माझं बाळ!"

ओल्या मातीची शिसारी येणारी ही माणसं! अब्रूसाठी पोटच्या पोराला गुंगी देतात आणि वर त्याचं तोंड स्वच्छ पुसून ठेवतात!

"किती पाजलंत?" तिनं दारात आलेल्या नवऱ्याला विचारलं.

"हळू बोल. संध्याकाळपर्यंत उठेल. औषधातलं मला कळतं."

रस्त्यावर जायची वाट बैठकीच्या खोलीतूनच होती. पोराला खांद्यावर टाकून ती सरळ पाहुण्यांसमोरून निघाली.

"अगं, कुठे?" सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या.

"दवाखान्यात. तुमच्यासमोर येऊ नये म्हणून याला झोपेचं पाजलंय," ती पाहुण्या बाईंना म्हणाली. "याच्या बापानं."

पाहुण्या बाई आता ताडकन उठून चालत्या होतील, असंच सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी भुंग्याला नीट न्याहाळलं, त्या मागोमाग आलेल्या त्याच्या बापाकडे झुकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोणतं देता हो? आमच्या थोरल्याच्या मुलीला हल्ली आमचं लागूच पडत नाही."

नणंद इतका वेळ मान खाली घालून बसली होती. तिनं वर पाहिलं.

"ती आत्ता कुठे आहे?"

"घरी. झोपलीय."

नणंद उठली. "मला सगळं ठाऊक होतं, वहिनी," ती म्हणाली. "माझं जमावं म्हणून गप्प बसले. थू माझ्यावर! चल, मी येते."

डॉक्टरांनी भुंग्याला रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी त्याचा सूर परत आला, तेव्हा कुठे दोघींच्या जिवात जीव आला. घरी येताच आईनं ती बाटली मोरीत रिकामी केली. "पुन्हा हा वास आला, तर थेट पोलिसांत जाईन," असं तिनं नवऱ्याला सासूबाईंदेखत बजावलं. लग्नाला नकार नणंदेनंच कळवला.

आता परसात दोन घमेली असतात. एकात भुंगा कोपरापर्यंत हात बुडवून बसतो. दुसरं त्या मुलीसाठी. तिला घेऊन या, असा निरोप नणंदेनं त्या घरी दोनदा धाडला. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं: "आमच्याकडे अशी कोणी मुलगी नाही."

दुसऱ्या घमेल्यातली माती नणंद तरीही रोज भिजवते.