पिवळ्या झाकणाचा डिफेंडर

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. पोळीभाजीचा नाही, कचऱ्याचा. अंग हिरवं, झाकण पिवळं, खाली दोन चाकं. मेलबर्नच्या ट्रुगानिनात अवधूत आणि यामिनीच्या दाराशी माझी सात वर्षं गेली. दर दुसऱ्या गुरुवारी ट्रक यायचा, मला उचलायचा, उलटा करून झटकायचा आणि धाडकन आपटायचा. थँक्यू कुणी कधी म्हणालं नाही. उलट मला हात लागला की यामिनी कोपरापर्यंत साबण लावायची. कोरोना आल्यावर तर रोज माझ्या हँडलवर फवारा. कचरा तुमचा, आणि घाणेरडा मी!

त्या वर्षी शेजारी दुन्या राहायला आली. सर्बियाची, अठरा वर्षांची, फुटबॉलमधली फॉरवर्ड. म्हणजे गोल मारणं हेच तिचं काम. इथल्या एका क्लबने एका सीझनसाठी बोलावलं होतं, म्हणून मावशीकडे उतरली. फेब्रुवारीत आली आणि मार्चमध्ये सगळं बंद. मग सुरू होणार म्हणाले. तिने बूट घासूनपुसून ठेवले. परत बंद. ऑगस्टमध्ये दिवसाला एक तास व्यायाम, तोही एकाच माणसाबरोबर, दीड मीटर लांब राहून. सीझन गेला बोंबलत.

तिकडे सर्बियात मात्र मॅचेस सुरू झाल्या. जुन्या क्लबने तिची जागा दुसरीला दिली. आता एकच वाट उरली होती, सर्बियाच्या एकोणीस वर्षांखालच्या टीमचं शिबिर. पण खेळताना बघितल्याशिवाय कोच घेणार कसा? म्हणून दुन्याने रस्त्यात तीन डबे मांडले. मावशीचे दोन आणि तिसरा मी. आम्हाला झुकांड्या देत तिने व्हिडिओ काढला.

कोचचं उत्तर आलं, ‘डबे पळत नाहीत. समोर कुणीतरी अडवतंय असा पाठव. शुक्रवारपर्यंत.’

दुन्याने बॉल असा हाणला की माझं झाकण उडालं. माझी काय चूक? मला पाय आहेत का?

आमची ईशानी, अवधूत-यामिनीची पंधरा वर्षांची लेक, कुंपणावरून बघत होती. ती आली आणि तिने माझं हँडल धरलं. “मी ढकलते याला तुझ्या अंगावर. डबा आणि माझे हात धरून दीड मीटर होतंय. लीगल आहे, मेट.”

यामिनी दारात आली. “ईशानी! कचऱ्याचा डबा आहे तो, खेळणं नाही! आणि क्लास?”

“म्यूटवर आहे, मम्मा.”

“तुलाच म्यूट करते थांब! आधी हात सॅनिटाइझ कर!”

वरच्या खिडकीतून अवधूत ओरडला, “हळू गं! क्लायंट कॉलवर आहे मी!”

मंगळवार, बुधवार, रोज एक तास. वजन हवं म्हणून ईशानीने माझ्यात पार्सलची खोकी कोंबली. गुरुवारी मला रिकामा करू दिलं नाही, तर ट्रक तसाच निघून गेला. यामिनी भडकली, “आता पंधरा दिवस हा ढीग माझ्या डोक्यावर ठेवू का?”

एवढं करून काय? ईशानी मला हळूच ढकलायची. दुन्या जवळ आली की वाट सोडायची. बिचारी आधीच रडवेली आहे, असं तिला वाटायचं. मला तर हँडलवर कळत होतं, हातात जोरच नव्हता.

शुक्रवारी दुन्याने बॉल पायाखाली दाबला. “तू मला जाऊ देतेस!”

“नो, आय डोन्ट!”

“देतेस! दया करतेस माझ्यावर. तुझ्यापेक्षा नुसता डबा बरा. तो निदान खोटं खेळत नाही!”

ईशानीचे कान लाल झाले. तिने माझं हँडल आवळलं आणि जीव खाऊन धावली. दुन्या डावीकडे वळली, तर आम्हीही वळलो. मी सगळ्या खोक्यांसकट बॉलवर आदळलो. माझं एक चाक कडाडलं, तुटून गटारात गेलं. दुन्या फुटपाथवर आपटली. गुडघा सोलून रक्त आलं.

“सॉरी! सॉरी!” ईशानी ओरडली.

पण दुन्या उठली होती. ईशानीच्या तोंडून तिसरं सॉरी निघेपर्यंत बॉल दुन्याच्या पायात होता आणि ती आम्हाला ओलांडून गेली होती. मग ती हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. “हे! याच्यासाठी मी मरत होते!”

तोच व्हिडिओ तिने पाठवला. कोचने दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘बाकीचं सोड. पडलीस आणि उठून बॉल घेतलास, तेवढं दोनदा बघितलं. ये.’

ती गेली. बाहेरून येणाऱ्यांना सीमा बंद, त्यामुळे परत येता येणार नव्हतं. मिठी मारायचीही बंदी. ईशानीने लांबून हात हलवला, टॅक्सी वळली, आणि मग तिने रागाने मलाच लाथ घातली. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर मलाही कुणालातरी लाथ घालायची होती.

आता काउन्सिलवाले, म्हणजे इथली नगरपालिका, नवा डबा आणतायत. एका चाकाचा मी कुणाला हवाय? असो. खोकी टाकायच्या आधी चपटी करत जा, एवढं कराच. आणि मित्रांनो, तुमच्या गल्लीत कुणी एकटीच भिंतीवर बॉल मारत असेल, तर कटकट म्हणून खिडकी लावून घेऊ नका. ‘बिचारी’ म्हणून टाळ्याही वाजवू नका. चपला घाला, बाहेर जा आणि तिला अडवा. अगदी जीव तोडून अडवा.